सकाळी फिरायला रंकाळा की विद्यापीठ?

डॉक्टरांनी "रोज चाला" म्हणून सांगितलं की कोल्हापूरच्या माणसासमोर दोनच नावं येतात, रंकाळा तलाव आणि शिवाजी विद्यापीठाचं आवार. टाऊन हॉलची बाग आहे, नागाळा पार्कात महावीर उद्यान आहे, हुतात्मा पार्कही आहे. पण पाय मोकळे करून लांबवर जायचं असेल तर या बागा फार लवकर संपतात आणि माणूस त्याच त्या वळणावर गोल फिरत राहतो. दोन्हीकडे मी पुष्कळ चाललोय. आधी बरीच वर्षं रंकाळा, आता विद्यापीठ. नव्यानं ठरवणारे ओळखीतले लोक विचारत असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

काहींचा प्रश्न घराचा पत्ताच सोडवतो. शिवाजी पेठेत, गंगावेशीत किंवा फुलेवाडीला राहणाऱ्यानं पहाटे शहर ओलांडून विद्यापीठात जावं, असं मी म्हणणार नाही. राजारामपुरी, सागरमाळ, उजळाईवाडीकडच्यांनी रंकाळ्यासाठी उलटा प्रवास करण्यातही अर्थ नाही. घराजवळची जागाच रोज घडते, लांबची पहिल्या थंडीत सुटते. खरा प्रश्न आमच्यासारख्या मधल्यांचा. मिरजकर तिकटीच्या आसपास राहणाऱ्याला गाडीला किक मारली की दोन्ही ठिकाणं जवळपास सारखीच.

रंकाळ्याची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. पाण्याकाठी चालण्याची बरोबरी झाडांखालचा रस्ता करू शकत नाही. उजाडताना समोर शालिनी पॅलेस धूसर दिसतो. १९३१ ते १९३४ या काळात बांधलेली ती वास्तू या काठाचा भागच होऊन बसली आहे. पाणी उतरलं की तलावातली जुनी दगडी वास्तू, संध्यामठ, वर येतो, पावसाळ्यात तो अर्धा बुडतो. त्यावरून तलावाची पातळी ओळखायची सवय जुन्या फिरणाऱ्यांना असते. टिबुकल्या बुडी मारतात, पाणकावळे पंख पसरून बसतात, वारकरी पक्ष्यांचे थवे दिसतात. वाटेची फेरी सलग आहे, त्यामुळे किती चाललो याचा हिशोब ठेवावा लागत नाही. जिथून निघालो तिथं परत आलो की झालं.

आणि माणसं. रंकाळ्यावर एकटा गेलेला माणूस एकटा परत येत नाही. तालमीतली पोरं पळत असतात, निवृत्त शिक्षकांचे ठरलेले कट्टे असतात, कोणी हास्यक्लबात असतं, कोणी घाटावर प्राणायाम करत असतं. चार दिवस कोणी दिसलं नाही तर पाचव्या दिवशी त्याच्या घरी फोन जातो. जोडीदार गेल्यावर एकटे राहिलेले माझ्या ओळखीतले दोघं-तिघं केवळ या माणसांच्या जोरावर पुन्हा उभे राहिले. फिरून झाल्यावर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं, ही तर खास इथलीच रीत. विद्यापीठात यातलं काहीही मिळत नाही.

आता विद्यापीठ. ८५३ एकर, म्हणजे जवळजवळ साडेतीन चौरस किलोमीटर. आकडा ऐकून माहीत असतो, पण तो पायाला कळायला वेळ लागतो. आज तिथली झाडी पाहणाऱ्याला वाटतं की विद्यापीठ जंगलात बांधलं असेल. तसं नाही. १८ नोव्हेंबर १९६२ ला विद्यापीठ सुरू झालं तेव्हा हा सागरमाळाचा उजाड माळ होता. वर पातळ माती, खाली मुरूम आणि काळा खडक. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे अभ्यासक. त्यांच्या काळात इमारतींबरोबर झाडंही उभी राहिली. मुरमाच्या माळावर झाड जगवायचं म्हणजे खड्डा खोल काढायचा, बाहेरून माती आणून भरायची आणि पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालत राहायचं. ते काम तेव्हा कुणीतरी चिकाटीनं केलं, म्हणून आज आपल्या डोक्यावर सावली आहे. मुख्य इमारतीसमोर बी. आर. खेडकरांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९७४ सालचा. त्याच्या भोवतीची बाग पाहुणे येऊन बघतात, फोटो काढतात आणि जातात. रोज चालणाऱ्याचं विद्यापीठ मात्र त्या पुतळ्याच्या मागे सुरू होतं.

मागे गेलं की रस्ते फुटत जातात. एका बाजूला आंब्याची झाडं, पुढं गवताचा मोकळा माळ, मग एकदम तळं. वनस्पतिशास्त्र विभागाची बाग तर देशातल्या मानाच्या वनस्पती उद्यानांत मोडते, तिथल्या झाडांसाठी संशोधक लांबून येतात. मे महिन्यात बहावा फुलतो तेव्हा काही वाटांवर थांबावंच लागतं. पावसाळा लागला की माळावर तेरडा आणि कुरडू उगवतात. मोर आहेत, आणि ते शोधावे लागत नाहीत. पहाटे कुठल्या ना कुठल्या बाजूनं आवाज येतोच.

मला सगळ्यात जास्त कौतुक आहे ते तळ्यांचं. माळाला उतार आहे. मोठ्या पावसाचं पाणी खडकावरून सरळ धावत खाली जायचं. विद्यापीठानं त्या उतारावर ठिकठिकाणी तळी आणि शेततळी करून ते अडवलं, विहिरींना पाझर लागला, आणि एवढ्या मोठ्या आवाराची पाण्याची गरज बऱ्याच अंशी आवारातूनच भागू लागली. २०१९ च्या महापुरात पंचगंगेनं उपसा केंद्रं बुडवली, शहर पाण्यानं वेढलेलं आणि नळ कोरडे, अशी अवस्था झाली. तेव्हा विद्यापीठाच्या आवारातलं पाणी शहरातल्या लोकांच्या कामी आलं. शहराला मोकळी हिरवी जागा कशाला हवी, हे मला त्या आठवड्यात जितकं कळलं तितकं एरवी कळलं नसतं. फिरायला मिळतं हा त्या जागेचा लहानसा उपयोग. ती जागा पाऊस धरून ठेवते, हा मोठा.

एवढं वाचून दोन्ही पारडी सारखीच वाटत असतील, आणि मलाही बरीच वर्षं ती सारखीच वाटायची. ज्या एका गोष्टीनं माझ्यापुरता निकाल लागला, ती ऐकायला क्षुल्लक आहे. हॉर्न.

आमचे आबा ऐंशीच्या पुढचे. कानाला मशीन आहे. फिरायला ते माझ्याबरोबर येतात ते व्यायामासाठी कमी आणि बोलण्यासाठी जास्त. घरात टीव्ही असतो, नातवंडं असतात, कुकरची शिट्टी असते. निवांत बोलायला मिळतं ते एवढंच. शेतीच्या जुन्या वाटण्या, कुणाचं लग्न कुठल्या साली झालं, पूर्वी ऊस कुठल्या गुऱ्हाळाला जायचा, असं सगळं. रंकाळ्याच्या काठाला लागून मोठ्या भागात वाहता रस्ता आहे. पहाटे साडेपाचला तो शांत असतो. पण आबा इतक्या लवकर निघू शकत नाहीत. साडेसहा-पावणेसातला आम्ही पोचायचो तेव्हा शाळेच्या रिक्षा, दुधाच्या गाड्या, राधानगरीकडं जाणाऱ्या बस सुरू झालेल्या असायच्या. प्रत्येकाला घाई आणि प्रत्येकाचा अंगठा हॉर्नवर.

आपल्यासारख्याला त्याचं फार वाटत नाही, कान सरावतात. नको तो आवाज बाजूला ठेवायची ही निवड कानाच्या मशीनला नीट जमत नाही. शेजारच्या माणसाचं बोलणं मोठं करताना ते रस्त्यावरची घरघरही मोठी करतं. आबा वाक्याच्या मध्येच थांबायचे, हात कानाकडं जायचा, चेहरा आक्रसायचा. मग ते मशीन काढून खिशात टाकायचे. मशीन खिशात गेलं की बोलणं संपलं. पुढची अख्खी फेरी आम्ही दोघं शेजारी शेजारी चालायचो आणि एकमेकांना काही सांगू शकायचो नाही. पलीकडच्या, रस्त्यापासून लांब असलेल्या काठावरून चालून पाहिलं. तिथं फरक पडतो, पण मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी. सकाळी पाण्यावरची हवा गार आणि तिच्या वरची थोडी उबदार असते, अशा वेळी आवाज वर न विरता खाली वळतो आणि पाण्यावरून लांबवर येतो. मध्ये अडवायला काहीच नसतं. काठावरच्या झाडांची एक रांग आवाज अडवत नाही, त्याला अंतर लागतं.

विद्यापीठात ते अंतर आहे. फाटकापासून आत पाचेक मिनिटं चाललं की महामार्गाची गाज मागं पडते, आणखी थोडं आत गेलं की ती असून नसल्यासारखी होते. तिथं पहिल्यांदा गेलो त्या सकाळी आबांनी मशीन खिशात टाकलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग तेच म्हणू लागले, "विद्यापीठातच जाऊया." आता ते सातभाईंचा कलकलाट आणि टिटवीचा आवाज वेगळा ओळखतात आणि मलाच विचारतात की हा कोण. माझ्याकडं आवाज मोजायचं यंत्र नाही आणि मला ते लागतही नाही. आबांचं मशीन कानात राहतं की खिशात जातं, एवढं माप मला पुरेसं आहे.

विद्यापीठाच्या उणिवाही सांगायला हव्यात, कारण त्या किरकोळ नाहीत. बसायला जागा आहेत, पण रंकाळ्यासारख्या हाताहातावर नाहीत. गुडघे दुखणाऱ्यानं आधी वाट बघून ठेवावी आणि मोकळ्या माळाच्या बाजूला आठनंतर जाऊ नये, तिथं ऊन थेट अंगावर येतं. चढ-उतार आहेत. ज्यांना अगदी सपाट चालायला सांगितलंय, त्यांना रंकाळाच बरा. पावसाळ्यात गवत वाढतं आणि साप असतात, त्यामुळे पायवाटा सोडून डांबरी रस्त्यानंच चालावं. थंडीत उजाडायच्या आधी आतल्या रस्त्यांवर फारसं कोणी नसतं. बाईमाणसानं एकटीनं अंधारात आत खोलवर जावं असं मी सुचवणार नाही. माझी बहीण एकटी असली की रंकाळ्यावर जाते आणि बरोबर करते, तिथं चारही बाजूंना माणसं असतात. सकाळी दहानंतर विद्यार्थ्यांच्या गाड्या सुरू होतात आणि मग ती जागा फिरणाऱ्यांची उरत नाही.

उरूही नये. ते आधी विद्यापीठ आहे. परीक्षा, पदवीदान, क्रीडा स्पर्धा असतील तेव्हा काही रस्ते बंद असतात, फाटकावर कुठं निघालात म्हणून विचारतात. काही फिरणाऱ्यांना याचा राग येतो. मला वाटतं, दुसऱ्याच्या अंगणात रोज जायला मिळतं तेव्हा एवढं चालवून घ्यावं. किंबहुना त्या शिस्तीमुळंच आत गाड्यांची वर्दळ कमी आहे, गाडे लागलेले नाहीत, आणि मोर अजून रस्त्यावर येतो. रंकाळा सगळ्यांचा आहे, त्यामुळे त्याच्याकडं सगळेच आपापलं काही ना काही घेऊन येतात. गाडी, भोंगा, निर्माल्य, सगळंच. त्यावरचं प्रेम कुणाचं कमी नाही, पण त्या प्रेमाचं ओझं पाण्याला सोसावं लागतं, हे काठावर चालताना दिसतं.

तेव्हा माझा सल्ला असा. एकटे असाल, माणसांची ओढ असेल, सपाट वाट हवी असेल किंवा साडेपाचच्या ठोक्याला घराबाहेर पडू शकत असाल, तर रंकाळा निवडा, पश्चात्ताप होणार नाही. मुलांना घेऊन संध्याकाळी जायचं असेल तर विचारच करू नका. मावळता सूर्य पाण्यावर उतरताना पाहायचा, चौपाटीवर भेळ खायची, हे विद्यापीठात होणं नाही. रविवारी संध्याकाळी आम्हीही तिथंच असतो. पण कुणाशी तरी बोलत चालायचं असेल, बरोबर म्हातारं माणूस असेल, किंवा झाडापाखरांची आवड असेल, तर थोडं लांब पडलं तरी विद्यापीठात या. निदान एक आठवडा येऊन बघा, एका दिवसात ती जागा कळत नाही.

आलात तर गाडी फाटकाजवळच्या पार्किंगमध्ये लावा, आत नेऊ नका. ओळखपत्र खिशात असू द्या. कुत्रं घरीच ठेवा, गवतात टिटवी जमिनीवरच अंडी घालते आणि लांडोरही. मोबाईलवर गाणी लावायची असतील तर ती कानात घालून ऐका. आणि जून-जुलैत एखाद्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी मुद्दाम तळ्याच्या बाजूला जाऊन या, माळावरून आलेलं पाणी कुठं आणि कसं अडतं ते तेव्हा नीट बघायला मिळतं.