रजोनिवृत्ती केंद्रातील सात महिने: डॉक्टरांविषयी समाधान, काउंटरविषयी तक्रार

पुण्यातील एका खासगी रजोनिवृत्ती केंद्रात मी गेले सात महिने उपचार घेत आहे. माझ्या तक्रारी मी केंद्राला लेखी कळवल्या असून त्यांचे उत्तर अजून यायचे आहे, म्हणून केंद्राचे नाव येथे देत नाही. मात्र अशा केंद्रात जाण्याचा विचार करणाऱ्या बायकांना तेथे काय मिळते आणि कशापासून सावध राहावे हे कळावे, असे मनापासून वाटते.

माझे वय ४८, नोकरी माध्यमिक शाळेत. गेल्या वर्षी तिसऱ्या तासाला हमखास गळ्यापासून गरम वाफ वर चढायची, कानशिले तापायची आणि ब्लाउज पाठीला चिकटायचा. अशा वेळी मी मुलांकडे पाठ करून फळ्यावर काहीतरी लिहीत राहायचे. रात्री तीनच्या सुमारास घामाने उशी भिजून जाग येई, ती पहाटेपर्यंत. छातीत धडधडते म्हणून ईसीजी काढला, खांदा आखडला म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, आणि दोन्हीकडे पाळीविषयी एकही प्रश्न विचारला गेला नाही. पाळी मात्र कधी बावीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी येई, आणि आली की दहा-दहा दिवस अंगावरून जाई. एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाच मिनिटांत सल्ला दिला की, मुले झाली आहेत, आता पिशवी काढून टाका.

या पार्श्वभूमीवर केंद्रातील पहिली भेट मला फार मोलाची वाटली. ती ४५ मिनिटे चालली. भेटीच्या आधी घरी भरून आणायचा एक तक्ता दिला होता: तारीख, रक्तस्राव, किती वेळा वाफा आल्या, झोप किती तास, लघवीची तक्रार, मन कसे होते. दोन आठवड्यांचा तो तक्ता डॉक्टरांनी ओळ न् ओळ वाचला आणि मगच बोलायला सुरुवात केली. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात, त्याआधीचा काही वर्षांचा काळ हा संक्रमणाचा असतो आणि खरा त्रास बहुधा याच काळात सुरू होतो, हे त्यांनी समजावून सांगितले. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ती ५१ च्या आसपास जाते. म्हणजे मी ‘इतक्या लवकर कसे’ म्हणून घाबरण्याचे कारण नव्हते. धडधड आणि तुटलेली झोप या तक्रारी याच संक्रमणाच्या असू शकतात, खांद्याचे आखडणेही या वयात बायकांमध्ये बरेच दिसते, हे ऐकताना मला रडू आले आणि त्यांनी ते येऊ दिले.

रक्तस्रावाबाबत त्यांनी घाई केली नाही. आधी सोनोग्राफी, मग गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणीला, आणि त्यात काही वावगे नाही हे कळल्यावर प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे हार्मोन हळूहळू सोडणारे एक छोटे साधन गर्भाशयात बसवले. बसवताना कळ आली, पुढे दोन महिने अधूनमधून डाग पडत राहिले. चौथ्या महिन्यापासून स्राव जवळजवळ थांबला. पिशवी जागेवर राहिली, याचे समाधान मी शब्दांत सांगू शकत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा शासनाने केलेल्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली होती. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर तिशी-पस्तिशीतली बाई एका दिवसात रजोनिवृत्त होते आणि तिची हाडे तेव्हापासूनच झिजू लागतात. ‘पिशवी काढून टाका’ हे वाक्य आपल्याकडे किती सहज उच्चारले जाते, हे मी स्वतः ऐकले आहे, म्हणून हा उल्लेख.

वाफांसाठी इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचे जेल सुचवले गेले, तेव्हा मी आधी नकार दिला. हार्मोनने कर्करोग होतो, हे मी इतरांसारखेच ऐकून होते. डॉक्टरांनी त्या भीतीचे मूळ सांगितले. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासातील, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे औषध) एकत्र देण्याचा भाग २००२ मध्ये मुदतीआधी थांबवला गेला. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, त्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या घेत होत्या, आणि त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे सुमारे ८ ने जास्त आढळले. साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रीसाठी फायद्या-तोट्याचे गणित वेगळे असते, आणि त्वचेतून जाणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळ्यांसारखा वाढत नाही. गर्भाशय असलेल्या स्त्रीला सोबत प्रोजेस्टेरॉनचे संरक्षण द्यावेच लागते. ते मला आतल्या साधनातून मिळतच होते. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल, यकृताचा आजार असेल, गुठळी झालेली असेल किंवा रक्तस्रावाचे कारण सापडलेले नसेल तर हा उपचार सहसा देत नाहीत, हेही त्यांनी आपणहून सांगितले. मॅमोग्राफी झाल्यावर मी जेल सुरू केले. रोज सकाळी आंघोळीनंतर दंडावर चोळायचे आणि वाळेपर्यंत बाही खाली घ्यायची नाही, एवढेच काम. पाचव्या आठवड्यात एका सकाळी गजराने जाग आली, तेव्हा लक्षात आले की रात्रभर झोप लागली होती.

खोकताना किंवा जिना उतरताना थेंब-थेंब लघवी होण्याची तक्रार मी तक्त्यात भीतभीतच लिहिली होती. त्यासाठी फिजिओथेरपिस्ट ताईंची स्वतंत्र भेट मिळाली. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम करताना मी श्वास रोखून पोट आवळत होते. त्यांनी माझाच हात पोटावर ठेवायला लावून ती चूक दाखवली. एका वेळी ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने, असा नेम त्यांनी घालून दिला. मी तो पाळला आणि आता शाळेचा जिना निर्धास्त उतरते. केंद्रातील सर्वांत उत्तम सेवा कोणती असे कोणी विचारले तर मी या ताईंचेच नाव आधी घेईन.

आता तक्रारी. डॉक्टरांना भेटण्याआधीच काउंटरवर ६,५०० रुपयांचे तपासण्यांचे पॅकेज पुढे केले जाते आणि त्यात हार्मोनच्या चार-पाच चाचण्या असतात. पंचेचाळिशीच्या पुढे लक्षणे स्पष्ट असतील तर निदानासाठी एफएसएच (बीजकोशांना चालना देणारे हार्मोन) तपासण्याची सहसा गरज नसते, कारण या काळात त्याची पातळी सतत वर-खाली होत असते. मी यादी आत नेली, डॉक्टरांनी पेनाने त्यातील बहुतेक नावांवर काट मारली. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि ड जीवनसत्त्व एवढेच ठेवले. जी बाई यादी आत नेणार नाही ती पैसे भरून मोकळी होईल, आणि हे मला अजिबात मान्य नाही. बाहेर पडताना दाराशेजारी १,४०० रुपयांचे ‘हार्मोन संतुलन’ पावडरचे डबे विकायला ठेवलेले असतात. आत इतके शास्त्रशुद्ध बोलणाऱ्या केंद्राने ते तेथे ठेवू नयेत.

खासगीपणाही जपला जात नाही. तपासणीच्या खोलीची भिंत प्लायवूडची आहे. शेजारच्या बाईंचे नवऱ्याबरोबरचे दुखणे मला बाहेर बसून ऐकू आले आणि मी उठून व्हरांड्यात गेले. आहाराच्या छापील कागदावर केल ही परदेशी पालेभाजी आणि किनोआ हे परदेशी धान्य होते. माझ्या हाडांची घनता तपासली तेव्हा टी-स्कोअर उणे १.६ आला, म्हणजे झीज सुरू झाली आहे पण अस्थिठिसूळता नाही. अशा वेळी १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तीळ, ताक आणि राजगिरा घरातच असतो, हे सांगणारा कागद हवा होता. तो मी ताईंच्या मदतीने स्वतः लिहून काढला. भेटीच्या वेळा सकाळी दहा ते दोन याच असल्याने मला दर वेळी अर्धी रजा टाकावी लागली.

पहिल्या भेटीचे शुल्क १,५०० रुपये आणि पुढच्या भेटींचे ८००. हे प्रत्येकीला झेपेल असे नाही. माझी नणंद लहान गावात राहते, तेथे असे केंद्र नाही. तिला मी त्या तक्त्याच्या कोऱ्या पानाचा फोटो पाठवला. दोन आठवडे भरून तिने तो आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपुढे ठेवला, तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी तिला खुर्चीत बसवून झोपेविषयी विचारले. मी पुढच्या महिन्यात तपासणीला जाणार आहे, तेव्हा लेखी तक्रारीचे उत्तर काउंटरवर मागणार आहे.