गेर, नाटक आणि लग्न: एडिटिंगसाठी रिझॉल्व्ह, प्रीमियर की फायनल कट?

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मला ठरलेले फोन येतात. कुणीतरी इंदूरच्या राजवाड्यावर गेर (रंगपंचमीची रंग उधळत जाणारी मिरवणूक) शूट केलेली असते, दोन मोबाइल आणि एका कॅमेऱ्यात मिळून दीडशे क्लिप्स असतात, आणि प्रश्न एकच: "दादा, आता हे कशावर एडिट करू?" इंदूरच्या मराठी घरांतली बरीच मुलंमुली या कामात येताना दिसतात. सुरुवात गणेशोत्सवातल्या मंडळाच्या नाटकानं होते, मग ओळखीतलं एखादं लग्न मिळतं. हे त्यांच्यासाठी लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. एकट्यानं काम करणार असाल आणि पीसीत बरं ग्राफिक्स कार्ड असेल तर डाविंची रिझॉल्व्ह. दुसऱ्याच्या स्टुडिओला काम करून देणार असाल तर प्रीमियर प्रो. घरात आधीपासून मॅक असेल तर फायनल कट. त्यासाठी मुद्दाम मॅक घेऊ नका.

पैसे आणि त्यामागच्या अटी

रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती खरोखर फुकट आहे. ३८४० बाय २१६० पर्यंत, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एक्सपोर्ट होतं आणि व्हिडिओवर शिक्का येत नाही. स्टुडिओ आवृत्तीतला इफेक्ट लावलात तरच शिक्का उमटतो. स्टुडिओ आवृत्तीला एकदाच २९५ डॉलर भरायचे. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइननं २००९ मध्ये रिझॉल्व्ह बनवणारी डाविंची ही कंपनी विकत घेतली. त्याआधी ही लाखो डॉलरची यंत्रणा होती आणि फक्त मोठ्या शहरांतल्या लॅबमध्ये असायची. आज तीच एखाद्या मुलाच्या टेबलावर चालते, याचा मला अजूनही मनापासून आनंद होतो.

प्रीमियर भाड्यानं मिळतं, महिन्याचं किंवा वर्षाचं. भाडं थांबलं की प्रोजेक्टची फाइल तुमच्याकडेच राहते, पण उघडायला प्रीमियर नसतं. ज्यांचं काम फक्त लग्नसराईत असतं त्यांना हे जड जातं. फायनल कट मॅकवर एकदा पैसे भरून घेता येतं.

आता फुकट रिझॉल्व्हची मेख. विंडोजवर ते १० बिट ४:२:२ चं (रंगाची माहिती जास्त असलेलं) एच.२६४ किंवा एच.२६५ फुटेज नीट उघडत नाही. बऱ्याचदा नुसता आवाज येतो, चित्र नाही. नवा मिररलेस कॅमेरा घेतलेली मुलं इथेच अडकतात आणि कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड खराब झालं असं समजतात. कार्ड चांगलंच असतं. लिनक्सवरची फुकट आवृत्ती तर साधं एच.२६४ सुद्धा घेत नाही. शिवाय नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करणं) फक्त स्टुडिओ आवृत्तीत आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या (रोषणाईचे चालते देखावे) शूट करणाऱ्याला ते लागतंच, कारण त्या अंधारात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) चढवावा लागतो आणि काळ्या भागात दाणे नाचायला लागतात. असं काम वरचेवर असेल तर स्टुडिओचे पैसे वसूल होतात.

रंग

गेरचं फुटेज ही कोणत्याही कॅमेऱ्याची परीक्षा असते. मोबाइल व्हिडिओ लहान करून साठवतो तो मुख्यतः आधीच्या फ्रेममध्ये काय बदललं एवढंच लिहून. गुलालाचा ढग आणि टँकरचे फवारे असताना तर अख्खी फ्रेमच बदलत असते. बिटरेट (दर सेकंदाला साठवली जाणारी माहिती) पुरत नाही आणि ढगात चौकोन दिसू लागतात. त्यात बहुतेक मोबाइल ४:२:० मध्ये साठवतात, म्हणजे चार पिक्सेलमागे रंगाची माहिती एकच. लाल आणि गुलाबीच्या कडा त्यामुळे पसरतात. हे कुठलंही सॉफ्टवेअर परत जोडून देत नाही. शूट करतानाच बिटरेट जास्त ठेवायचा, एवढंच आपल्या हातात आहे.

पण जे हाती आलंय त्यावर काम करायचं तर रिझॉल्व्हच्या जवळ दोघंही येत नाहीत. नोडवर नोड (रंग बदलण्याची एकेक पायरी) लावून गुलाल वेगळा निवडता येतो, चेहऱ्यांना धक्का न लावता त्याची तीव्रता उतरवता येते, आणि कुठे रंग फुटतोय ते स्कोपवर (रंग-उजेडाच्या आलेखावर) दिसतं. प्रीमियरच्या लुमेट्रीत (रंगाच्या साधनात) नव्वद टक्के लग्नं व्यवस्थित निभावतात. गेर, किंवा लाल-निळ्या एलईडीत न्हालेलं नाटक आलं की मी रिझॉल्व्हच उघडतो.

मराठी अक्षरं

याकडे कुणी लक्ष देत नाही आणि शेवटच्या रात्री रडारड होते. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्समध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा. नाहीतर पहिली वेलांटी भलत्याच जागी पडते आणि जोडाक्षरं फुटतात. रिझॉल्व्हमध्ये साधं टेक्स्ट आणि टेक्स्ट प्लस ही वेगवेगळी साधनं आहेत. तुमच्या आवृत्तीत दोन्हींमध्ये 'कीर्ती', 'श्रद्धा', 'दुसऱ्या', 'स्थिती' हे शब्द टाइप करून बघा. कुठे फुटलेच तर इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये शीर्षक करून पारदर्शक पीएनजी आणा. ते कुठल्याही टाइमलाइनवर बसतं. फॉन्ट निवडताना ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना, तेही पाहा. इंदूरच्या बाजारात टायपिंग हिंदी वळणाचंच होतं, आणि लग्नाच्या व्हिडिओत आजीच्या नजरेतून ते सुटत नाही. मॅकवर आयटीएफ देवनागरी मराठी हा फॉन्ट आधीपासून असतो, हे फायनल कटवाल्यांचं सुख.

मशीन

रिझॉल्व्ह ग्राफिक्स कार्डावर जगतं. १६ जीबी रॅम ही सुरुवात, फ्यूजनचं (रिझॉल्व्हमधल्या इफेक्ट्सच्या भागाचं) काम असेल तर ३२. कार्डाची मेमरी भरली की ते तसा संदेश देऊन थांबतं. फोर केसाठी ८ जीबीचं कार्ड असावं. प्रीमियर साध्या लॅपटॉपवर जास्त सांभाळून घेतं. १० बिट ४:२:२ चं एच.२६५ असेल तर ११ व्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरमधलं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ उलगडायची सोय, ते सहज उलगडतं. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. नवा पीसी जुळवणाऱ्यानं दुकानात जाण्याआधी हे बघावं. फायनल कटचा वेग नव्या मॅकवर अप्रतिम आहे, पण त्याची चुंबकी टाइमलाइन (जिच्यात क्लिप्स आपोआप एकमेकींना चिकटतात) २०११ मध्ये आली तेव्हापासून काहींना आवडते, काहींना अजिबात नाही. मला नाही जमली.

काम कुणाच्या हातात जाणार

लग्नाचं काम करणारे माझ्या ओळखीचे स्टुडिओ प्रोजेक्टची देवघेव प्रीमियरमध्येच करतात, आणि आफ्टर इफेक्ट्स या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरचं टेम्प्लेट त्यात थेट बसतं. तिथे तुम्ही रिझॉल्व्हची फाइल नेलीत तर एक्सएमएल (कटांची माहिती असलेली फाइल) काढून द्यावी लागते. कट जातात, पण इफेक्ट, शीर्षकं आणि रंगांचं ग्रेडिंग मागेच राहतं. नोकरी किंवा ठोक काम हवं असेल तर माझं मत बाजूला ठेवा आणि प्रीमियर शिका.

फुटेज आल्यावर

हे तिन्हींना सारखंच लागू. आधी दोन ड्राइव्हवर कॉपी, मगच कार्ड रिकामं. १०० मेगाबिटचा कॅमेरा तासाला ४५ जीबी भरतो, म्हणजे तीन कॅमेऱ्यांचं दोन तासांचं नाटक २७० जीबी, आणि दोन प्रती धरून ५४०. मग प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, करा. पूर्ण एचडीची प्रोरेस प्रॉक्सी तासाला सुमारे १७ जीबी घेते. विंडोजवरच्या रिझॉल्व्हमध्ये प्रॉक्सीसाठी डीएनएक्सएचआर एलबी हा फॉरमॅट घ्या.

मोबाइलची क्लिप मात्र तशीच टाइमलाइनवर टाकू नका. मोबाइल फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाही. एकदा मंडळाच्या नाटकाचा मधला कॅमेरा म्हणून मी मोबाइल लावला होता. पहिला प्रवेश ओठांशी बरोबर जुळला आणि तिसऱ्या प्रवेशात संवाद ओठांच्या मागे पडला. दोन रात्री क्लिप कापून कापून सरकवत बसलो. खरा इलाज हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होता: 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून २५ वर फाइल करून घ्यायची, मग तिन्ही कॅमेरे आवाजावरून सिंक करायचे. हे सिंक फुकट रिझॉल्व्हमध्येही होतं.

आणि झांक्यांना जाताना शटर एकाला पन्नासवर (१/५० सेकंद) ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. साठवर ठेवलंत तर रोषणाईत पट्टे सरकताना दिसतात, आणि ते काढायला या तिघांपैकी कुणाकडेही चांगला उपाय नाही.