क्लबची डिग की आपला एकच शेतकरी?

इंग्लंडात ऑगस्टमध्ये गहू कापला की पेरणीपर्यंत शेतात नुसती धसकटं उरतात. मेटल डिटेक्टर घेऊन जमिनीतली जुनी नाणी-वस्तू शोधणाऱ्यांची सुगी हीच. इथे राहणाऱ्या ज्या मराठी मित्रांनी नवं मशीन घेतलंय, त्यांचा प्रश्न ठरलेला: डिटेक्टरवाल्यांच्या क्लबबरोबर त्यांच्या डिगला, म्हणजे सामूहिक शोधमोहिमेला, जाऊ, की शेतकऱ्याला थेट गाठू?

क्लबचं सोपं. दिवसाचे साधारण १५ ते २५ पाउंड भरायचे. परवानगी त्यांनी काढलेली असते आणि शेजारी जाणती माणसं असतात. माझ्या हाती पहिल्यांदा चांदी लागली ती नखाएवढी, भाकरीच्या चतकोरासारखी. पत्रा समजून मी टाकून देणार, तेवढ्यात शेजारचे आजोबा ओरडले. ती मध्ययुगीन पेनी होती, मागच्या फुलीवरून कापून चार केलेली! तेव्हा सुट्टे नसायचे, म्हणून नाणंच कापत. १२७९च्या सुमारास राजा पहिल्या एडवर्डने गोल फार्दिंग, म्हणजे पाव पेनीची नाणी, काढली आणि ती कापाकापी मागे पडली. एकटा असतो तर तो तुकडा गेलाच होता. पण एका शेतात पन्नास जण, तेही आधी दोनदा चाळलेल्या. बऱ्याचदा बटणं आणि शिसंच घेऊन घरी यायचं.

स्वतःची परवानगी मिळणं कठीण. मला सात नकारांनंतर एक होकार मिळाला. पण मिळाली की तेच शेत वर्षानुवर्षं आपलं, आणि दर नांगरटीला खालचं काहीतरी वर येतं. विचारताना दोन गोष्टी आधी काढून घ्या. शेतात ग्रीन वेस्ट, म्हणजे बागकचऱ्याचं कंपोस्ट, टाकलंय का? त्या कंपोस्टमधले ॲल्युमिनियमचे तुकडे दिवसभर मशीनला बोंबलायला लावतात. दुसरं, ती जागा संरक्षित स्मारकात येते का? येत असेल तर शेतकऱ्याच्या होकाराला अर्थ नाही, हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेची परवानगी लागते. जे सापडेल त्यात शेतकऱ्याचा नि आपला निम्मा-निम्मा वाटा, हे कागदावर लिहून घ्या. फाटक लावा, खड्डे बुजवा.

कायदा दोन्हीकडे तोच. ३०० वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची वस्तू, किंवा एकाच ठिकाणची अशी दोन नाणी सापडली, तर १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा धनाची चौकशी करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला, कळवायचं. लेमिन्स्टरजवळ २०१५मध्ये सापडलेला साठा लपवणाऱ्या दोघांना २०१९मध्ये तुरुंगात जावं लागलं. आणि हे मशीन सुट्टीत गावच्या शेतावर नेऊ नका. आपल्याकडे १८७८चा गुप्तधन कायदा आहे, आणि दहा रुपयांच्या वरचं काही निघालं तरी कलेक्टरला कळवावं लागतं.

माझं मत: पहिला हंगाम क्लबबरोबर काढा, डोळा तयार होऊ द्या. मग एकच शेतकरी धरा, आणि त्याच्या दारात गेलात की त्याचं काही हरवलंय का तेही विचारा. १९९२मध्ये इंग्लंडातल्याच हॉक्सन गावी एक गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला गेले आणि सुमारे १५ हजार रोमन नाण्यांचा साठा सापडला. तो हातोडाही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.