कॅसेटची फाईल करून देणारे नेमके कुठे हात मारतात

जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरच्या फाईलीत उतरवून देण्याच्या धंद्यातली फसवणूक पटकन लक्षात येत नाही, कारण हातात काहीतरी चालणारं मिळतं. फाईल उघडते, जुने चेहरे दिसतात, गळा भरून येतो आणि चित्र बारकाईने कोणी बघतच नाही. मूळ कॅसेट लावून ताडून बघावं तर घरात चालू व्हीसीआर नसतो. नवा मिळणंही २०१६ नंतर संपलंच, त्या वर्षी व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, उत्पादन थांबवलं.

सगळ्यात जास्त नुकसान मिनीडीव्हीवाल्यांचं होतं. या छोट्या कॅसेटवर चित्र मुळातच डिजिटल असतं. कॅमेऱ्याच्या फायरवायर पोर्टमधून ते आहे तसं कॉम्प्युटरवर उतरतं, नव्याने कॉम्प्रेशन होत नाही. तासाभराच्या कॅसेटची फाईल साधारण १३ जीबी भरते. पण त्यासाठी फायरवायर पोर्ट असलेला कॉम्प्युटर सांभाळावा लागतो. तो टाळायला कॅमेऱ्याची पिवळी-पांढरी-लाल वायर स्वस्त यूएसबी कॅप्चरमध्ये, म्हणजे आलेल्या चित्राची फाईल करणाऱ्या डबीत, खुपसतात. म्हणजे डिजिटलचं अ‍ॅनालॉग, त्याचं परत डिजिटल, वर एमपी४ मध्ये कोंबणं, आणि बिलावर ‘डिजिटल ट्रान्सफर’. तासाला एक-दीड जीबीची फाईल मिळाली तर बहुधा हेच झालंय. कॅमेऱ्याच्या यूएसबी पोर्टने काढून देतो म्हणाले तरी हुरळू नका. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत ते पोर्ट फोटोंसाठी किंवा हलक्या दर्जाच्या चित्रासाठीच असतं.

तपासायला मीडियाइन्फो हा फुकट प्रोग्राम पुरतो. मिनीडीव्ही नीट उतरवली असेल तर त्यात हे दिसतं: फॉरमॅट डीव्ही (मिनीडीव्हीची मूळ डिजिटल पद्धत), चित्र पाल (भारतातली टीव्ही पद्धत) असेल तर ७२० × ५७६, एनटीएससी (अमेरिका-जपानची) असेल तर ७२० × ४८०, बिटरेट २५ एमबीपीएसच्या आसपास. आणखी एक खूण आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल तर डीव्हीत चित्रासोबत चित्रीकरणाची तारीख-वेळही नोंदलेली असते. फायरवायरने ती फाईलमध्ये येते, पिवळ्या वायरने येत नाही. नुसती फाईल फुगवून १३ जीबीची करणारे भेटतील. तारखा खोट्या भरत बसणारा विरळाच.

व्हीएचएस, म्हणजे व्हीसीआरची मोठी कॅसेट, अ‍ॅनालॉग आहे, तिथे कॅप्चरला पर्याय नाही. फरक पडतो व्हीसीआरपासून कॉम्प्युटरपर्यंतच्या साखळीमुळे. टेप थोडी ताणलेली असते, त्यामुळे चित्राच्या प्रत्येक आडव्या ओळीची वेळ किंचित पुढेमागे होते, उभ्या कडा लाटा मारतात आणि चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकतो. ही वेळ सावरायला टाइम बेस करेक्टर, म्हणजे टीबीसी लागतो, तो व्हीसीआरमधला असो की वेगळा डबा. तो नसेल तर कॅप्चर फ्रेम गाळू शकतं आणि तासाभरात आवाज ओठांच्या पुढे-मागे सरकू शकतो. म्हणून नमुना बघताना सुरुवातीची पाच मिनिटं बघून मान डोलवू नका, शेवटची पाच बघा. दाराची चौकट किंवा खांब डुलतोय का, बोलणं ओठांशी जुळतंय का, तिथे कळतं. फ्रेमच्या तळाशी मात्र बारीक वळवळती पट्टी दिसली तर घाबरू नका. ती व्हीएचएसच्या हेडमुळे (टेप वाचणाऱ्या भागामुळे) येते आणि जुन्या टीव्हीवर कडेच्या झाकणाआड लपायची.

दुसरी चलाखी एचडीएमआय डबीची. व्हीसीआर त्या डबीला जोडायचा, डबीने चित्र १०८० ओळींपर्यंत ताणायचं आणि ते रेकॉर्ड करून ‘फुल एचडी’ म्हणून विकायचं. व्हीएचएसची आडवी स्पष्टता जेमतेम २४० ओळींची; ताणून त्यात तपशील येत नाही. उलट ४:३ चं चित्र १६:९ होतं, माणसं बुटकी आणि रुंद दिसतात. पालचं चित्र ५० अर्ध्या फ्रेमचं असतं, ते घिसाडघाईने २५ पूर्ण फ्रेममध्ये बदललं की पळणारं पोर गचके देतं, किंवा त्याच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात. एआयने ‘सुधारून’ देण्याचे वेगळे पैसे तर देऊच नका. गर्दीतले बारीक चेहरे ते स्वतःच्या मनाने रंगवतं, मग आजी ओळखू येत नाही. आधी मूळ ७२० × ५७६ इंटरलेस्ड (अर्ध्या-अर्ध्या फ्रेमचीच) फाईल घ्या, सुधारणा नंतर कधीही करता येते.

अर्धवट उतरवणं हा सगळ्यात निर्लज्ज प्रकार. घरगुती कॅसेटमध्ये मध्येच कोरी जागा असते, पडदा निळा होतो, मशीन किंवा माणूस थांबतो आणि पुढचं रेकॉर्डिंग तसंच राहतं. जुन्यावर नवं भरलं असेल तर नव्याच्या शेवटी जुन्याची शेपटी असते, तीही जाते. ई-१८० कॅसेट साध्या वेगात तीन तास चालते, एलपीत, म्हणजे अर्ध्या वेगात, सहा. फाईल चाळीस मिनिटांची आली तर उरलेली टेप खरंच कोरी आहे का ते विचारा. देतानाच लिहून द्या: शेवटपर्यंत चालवायची, कोऱ्या जागेवर थांबायचं नाही.

मग पेनड्राइव्ह. नकली पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला दोन टीबी सांगतो, आत जागा असते ३२ किंवा ६४ जीबी. फाईलींची नावं आणि आकार बरोबर दिसतात, पण खऱ्या जागेपलीकडचं चालतच नाही. मिळाला की सगळ्या फाईली आपल्या डिस्कवर उतरवा आणि शेवटून दोन-तीन मधूनमधून चालवून बघा. स्वतःची ड्राइव्ह देणार असाल तर कोरी असतानाच विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक-लिनक्सवर एफ३ या तपासणीच्या प्रोग्रामने तपासून द्या.

कमी दर सांगून कॅसेट ताब्यात आल्यावर ‘बुरशी आहे, टेप तुटली’ म्हणत दर वाढवणारेही आहेत. बुरशी खरी असू शकते, टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरे डाग दिसतात आणि तशी कॅसेट चालवली तर हेडही खराब होतं. पण ती कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून बाहेरूनही दिसते. कॅसेट देण्याआधी प्रत्येकीवर नंबर टाका, खिडकीचा फोटो काढा, दुरुस्तीचा दर आधीच लिहून घ्या. पहिल्यांदा एकच कॅसेट द्या, तीही फारशी महत्त्वाची नसलेली.

हे टाळून घरी करायला जाल तर यूएसबी कॅप्चरच्या डबीत तोच खेळ आहे. ईझीकॅप नावाच्या एकाच आकाराच्या डबीत एसटीके११६०, ईएम२८६०, यूटीव्ही००७ अशा वेगवेगळ्या चिप निघतात आणि एकीचा ड्रायव्हर दुसरीला चालत नाही. मग लोक शोधून कुठल्यातरी साइटवरचा ‘ड्रायव्हर’ उतरवतात आणि कॉम्प्युटरमध्ये भलतंच घुसतं. घेताना चिपचं नाव विचारा. विक्रेत्याला सांगता येत नसेल तर घेऊ नका.

आणि काम झाल्यावर ‘कॅसेट आम्हीच नष्ट करू’ म्हणाले तर नको म्हणा. व्हीएचएसच्या कडेचा छोटा प्लॅस्टिकचा तुकडा मोडा, मिनीडीव्हीचा खटका ‘सेव्ह’कडे सरकवा, म्हणजे वरून रेकॉर्ड होणार नाही. कॅसेट उभ्या, कोरड्या जागी ठेवा. फाईल चुकीची निघाली तर परत काढायला दुसरं काहीच नसतं.