पोर्सिलेनची फुलदाणी: ग्लेझची की बिनग्लेझची?

घड्या, चुण्या, पिळे, मधेच आरपार भोक. शिल्पासारख्या पोर्सिलेन फुलदाण्यांमध्ये आकार निवडणं फारसं अवघड नाही, आवडला की आवडला. लोक अडतात ते पुढे. बिस्क घ्यायची, म्हणजे ग्लेझ न दिलेली, खडूसारखी पांढरी? की ग्लेझची, चकाकणारी? परळच्या आमच्या घरात दोन्ही आहेत. बिस्क मेहुणीने वास्तुशांतीला दिली, ग्लेझची नंतर मी स्वतः घेतली.

नुसत्या देखणेपणावर निकाल द्यायचा तर बिस्क जिंकते, हे आधीच मान्य करतो. ग्लेझ म्हणजे शेवटी भट्टीत वितळलेला काचेचा थर. तो धारदार कडांवर पातळ होतो, खाचांत साचतो आणि कोरीवपणा थोडा बोथट करतो. आज सेव्हर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फ्रेंच कारखान्याने १७५० च्या दशकातच लहान मूर्ती बिनग्लेझच्या ठेवायला सुरुवात केली, तेव्हा हा फायदा त्यांच्या पदरात पडलाच. बिस्कवर प्रकाश चमकत नाही, नुसता पसरतो. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन आलं की आमच्या फुलदाणीच्या चुण्या एकेक मोजता येतात. भिंत पातळ असेल तर कड आतून उजळल्यासारखी दिसते.

पण हे सगळं ती पांढरी असेपर्यंत.

आमच्या समोरच्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट चालू आहे, आणि स्वयंपाकघर हॉलला लागूनच, मधे दार नाही. मुंबईत बहुतेकांचं असंच असावं. नुसती धूळ असती तर मऊ ब्रशने गेली असती. पण आधी फोडणीची तेलकट वाफ बसते आणि मग तिच्यावर सिमेंटची धूळ. पोर्सिलेन पक्कं भाजलेलं असल्याने मळ आत मुरत नाही हे खरं, पण बिनग्लेझच्या पृष्ठभागाला जी बारीक खरखर असते तिच्यात तो चिकटून बसतो. टेबल पुसताना मावशी फुलदाणी मानेला धरून उचलतात, त्यामुळे मानेभोवती शर्टाच्या कॉलरला असतो तसा करडा पट्टा आला. अंगठी किंवा कात्रीचं टोक घासलं गेलं तर पेन्सिलने ओढल्यासारखी रेघ उठते, ती वेगळीच.

धुता येते का? येते. मॅजिक स्पंज आणि खाण्याचा सोडा, दोन्ही चालतात. पण स्पंज फक्त चुण्यांच्या माथ्यावर फिरतो. खाली, घडीच्या तळाशी, तो पोचत नाही. टूथब्रशही अर्ध्यावर अडतो. मग माथे पांढरे आणि खाचा राखाडी. ज्या सावल्यांसाठी बिस्क घ्यायची, त्या सावल्या आता दुपारी बारालाही जागच्या हलत नाहीत. माझं मत फिरलं ते इथे.

ग्लेझच्या फुलदाणीला हा व्याप नाही. नळाखाली धरली, भांड्यांच्या साबणाचा हात फिरवला, झालं. तिचा दोष एकच, पण डोळ्यांत भरणारा: छतावरची ट्यूबलाइट तिच्या पोटावर उभी पांढरी रेघ बनून दिसते आणि आकार त्या रेघेत हरवतो. बाजूने पिवळा दिवा लावला की बरंच सावरतं. अर्धवट चकाकीचं, सॅटिन ग्लेझ मिळालं तर उत्तमच. ग्लेझने आकार मरतोच असं वाटत असेल तर काळाघोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली चिनी पोर्सिलेनची भांडी एकदा नीट बघून या.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही सारख्याच. बिस्कलाही आतून बहुधा ग्लेझ असतं. अरुंद तोंडाची घेतलीत तर मात्र पावसाळ्यात सांभाळा. डेंग्यूच्या डासाला असंच स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो. महापालिकेची माणसं तपासणीला आली की फुलदाणीत हमखास डोकावतात. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं आणि आतून घासायचं, म्हणून बाटलीचा ब्रश आत जाईल एवढं तरी तोंड हवं. फुलं थोडीच लागतात. दादरच्या फूलबाजारातली निशिगंधाची एक काडी पुरे; गुच्छ कोंबला की आकार झाकलाच.

घरात बंद काचेचं शोकेस असेल, किंवा एसीची खोली जिची खिडकी क्वचित उघडते, तर बिस्क जरूर घ्या. माझा तिच्यावर राग नाही. आमचीही आता शोकेसमध्येच आहे. उघड्या हॉलसाठी कुणी विचारलं तर मी, थोडं नाइलाजाने का होईना, ग्लेझचीच सांगतो. फक्त घेताना ती उलटी करून बघा. भट्टीच्या फळीला चिकटू नये म्हणून तळाची गोल कड ग्लेझशिवाय सोडलेली असते आणि पॉलिश केलेल्या लाकडावर ती चांगलेच ओरखडे काढते. खाली फेल्टच्या चकत्या चिकटवा.