जास्त धावलेल्या गाडीचं इंजिन ऑइल: नेहमीचं, ‘हाय मायलेज’ की एक पायरी जाड?

डब्यावरचा ‘हाय मायलेज’ हा शब्द मराठी कानाला चकवतो. मायलेज म्हटलं की लिटरला किती किलोमीटर, हेच आधी डोक्यात येतं. इथे त्याचा अर्थ ‘पुष्कळ धावलेलं इंजिन’ एवढाच आहे. साधारण ७५,००० मैल, म्हणजे सुमारे १,२०,००० किलोमीटर झालेल्या गाड्यांसाठी ही ऑइल विकली जातात. त्यांनी ॲव्हरेज वाढत नाही. मग वाढतं काय, हे समजलं की निवड सोपी होते.

निवड बहुतेक वेळा तिघांत असते: आजवर घालत आलेलं त्याच ग्रेडचं ऑइल, त्याच ग्रेडचं हाय मायलेज ऑइल, किंवा एक पायरी जाड ग्रेड, म्हणजे ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० (शेवटचा आकडा जितका मोठा, तितकं तापल्यावरचं ऑइल जाड).

डब्यात फरक काय असतो

हाय मायलेज ऑइलमधला खरा वेगळेपणा सील कंडिशनरचा. वर्षानुवर्षं तापून ऑइल सीलचं रबर कडक होतं, आकसतं आणि त्याची ओठासारखी कड शाफ्टला नीट बिलगत नाही. कंडिशनरमधले एस्टर रबरात मुरतात, त्याला किंचित फुगवतात, मऊ करतात. कड पुन्हा टेकते आणि पाझर कमी होतो. यासोबत डिटर्जंट आणि झीजरोधक घटक थोडे जास्त असतात.

दुसरा फरक जाडीचा, आणि तो ग्रेडच्या आतलाच असतो. ३० ग्रेडचं ऑइल १०० अंश सेल्सिअसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या (जाडी मोजायचं एकक) दरम्यान कुठेही असू शकतं. हाय मायलेज प्रकारात ते बऱ्याचदा या पट्ट्याच्या वरच्या बाजूला ठेवलेलं असतं. उत्पादकाच्या डेटाशीटवर हा आकडा मिळतो. तिथेच ‘नोआक’ नावाचा आकडाही पाहावा. २५० अंशांवर एका तासात किती टक्के ऑइल उडून जातं, हे तो सांगतो. एपीआय एसपी या अमेरिकी दर्जासाठी त्याची कमाल मर्यादा १५ टक्के आहे. ऑइल पिणाऱ्या इंजिनासाठी दोन डब्यांतून निवडताना कमी नोआकचा डबा घ्यावा. समोरच्या जाहिरातीपेक्षा हा आकडा जास्त खरं बोलतो.

आधी मोजा

गाडी ऑइल गळते की जाळते, हे न ठरवता डबा घेणं म्हणजे अंदाजाने औषध घेणं. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिकवर पातळी टिपून ठेवा. १,००० किलोमीटरनंतर तशाच स्थितीत पुन्हा पाहा. बऱ्याच गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेमधलं अंतर सुमारे एक लिटरचं असतं; आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघावा. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला की सकाळी डाग कुठे पडला तेही कळतं.

धूर कधी येतो याकडे नीट लक्ष द्या. सकाळी स्टार्ट करताना, किंवा लांब उतारावर पाय उचलून आल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच निळसर धूर आला, तर संशय व्हॉल्व सीलवर. जोर लावताना सतत निळा धूर असेल तर पिस्टन रिंगवर. रिंगची खात्री कॉम्प्रेशन टेस्टने होते: आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब ठळक वाढला तर रिंग झिजलेल्या. वाढला नाही तर दोष व्हॉल्वचा किंवा हेड गॅस्केटचा.

पीसीव्ही व्हॉल्व, म्हणजे इंजिनाच्या पोटात साठणारे वायू बाहेर काढणारा छोटा व्हॉल्व, मात्र सगळ्यांत आधी बघायचा. तो तुंबला की क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, दाब साठतो आणि धडधाकट सीलमधूनही ऑइल बाहेर ढकललं जातं. स्प्रिंगचा व्हॉल्व काढून हलवला की खुळखुळला पाहिजे. खुळखुळत नसेल तर बदला. हा छोटासा भाग बदलल्यावर गळती थांबल्याची उदाहरणं गॅरेजमध्ये नेहमीची आहेत, आणि तिथे कोणतंही महाग ऑइल उपयोगी पडलं नसतं.

कोणत्या गाडीला काय

*पाझर आहे, थेंब नाही:* इथे हाय मायलेज ऑइल पहिल्या क्रमांकावर. विशेषतः इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ओलावा दिसत असेल तर. तिथलं क्रँकचं मागचं सील बदलायला बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सील छोटंसं, मजुरी मोठी. म्हणून आधी ऑइलचा प्रयोग करणं शहाणपणाचं. कंडिशनर रबरात मुरायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात निकाल मागू नये. दोन ऑइल चेंज तरी द्यावेत. उलट टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा ड्रेन बोल्टचा वॉशर गळत असेल तर सरळ तो भाग बदला. फाटलेलं सील, तडकलेलं गॅस्केट किंवा शाफ्टवर पडलेली चर कोणतंही ऑइल भरून काढत नाही.

*व्हॉल्व सीलचा धूर:* हाय मायलेजने फरक पडू शकतो, कारण दोष रबराचाच आहे. रबर पार कडक होऊन तुटलं असेल तर नाही.

*रिंग झिजलेल्या:* ही धातूची झीज. कंडिशनर इथे निरुपयोगी. एक पायरी जाड ग्रेडने खप कमी होऊ शकतो, पण मॅन्युअलमधल्या तक्त्यात तो ग्रेड असेल तरच त्या वाटेला जावं. व्हेरिएबल व्हॉल्व टायमिंगची (व्हॉल्व उघडण्याची वेळ बदलणारी) यंत्रणा ऑइलच्या दाबावर आणि बारीक वाटांवर चालते. जास्त जाड ऑइलने ती संथ होते, चेक इंजिन दिवाही लागू शकतो. इंधनही थोडं जास्त लागतं. शिवाय दोषी रिंग नेहमी झिजलेल्याच असतात असं नाही. कार्बनने अडकलेल्या असतील तर चांगल्या डिटर्जंटचं ऑइल आणि लवकर बदल यांनी त्या मोकळ्या होण्याची शक्यता असते.

*ऑइल प्रेशरचा दिवा लागतो:* जाड ऑइल ओतून दिवा विझवू नका. गाडी बंद करून पातळी बघा, मग मेकॅनिकल गेज लावून दाब मोजा. सेन्सर, गाळाने भरलेली सम्पमधली (इंजिनाच्या तळाच्या ऑइल टाकीतली) जाळी, झिजलेले बेअरिंग यांपैकी काहीही असू शकतं आणि तिन्हींचे उपाय निराळे.

*इंजिन कोरडं, खप नगण्य:* नेहमीचंच ऑइल पुरेसं आहे. हाय मायलेज घातल्याने बिघडत नाही, पण वेळेवर बदल आणि चांगला फिल्टर यांचा फायदा त्याहून मोठा. गाडी कमी धावलेली पण पंधरा वर्षांची असेल, तर वेगळा विचार करावा. रबर वयानेही कडक होतं.

मॅन्युअल कुठे आडवं येतं

बऱ्याच हाय मायलेज डब्यांवर फक्त एपीआय आणि इल्सॅक या दर्जांचे शिक्के असतात. युरोपीय गाडीला एसीईए ए३/बी४ हा युरोपीय दर्जा लागत असेल तर नुसते हे दोन शिक्के चालत नाहीत. ए३/बी४ मध्ये १५० अंशांवरची जाडी, म्हणजे एचटीएचएस, किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद हवी, साध्या ३० ग्रेडला २.९ पुरते. दोघांवर ‘५डब्ल्यू-३०’ लिहिलेलं असूनही ऑइल वेगळी आहेत. पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारी जाळी) असलेल्या डिझेल गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं (एसीईए सी३ मध्ये राख ०.८ टक्क्यापर्यंत), तिथे पेट्रोलसाठीचं हाय मायलेज ऑइल ओतू नये. मोठ्या अक्षरांतलं नाव नंतर, मागच्या बाजूचा दर्जा आधी वाचा.

सिंथेटिकने जुनी गाडी गळायला लागते, ही भीती सुरुवातीच्या काही सिंथेटिक ऑइलमुळे रुजली. त्यांनी सील आकसायची. आताच्या ऑइलमध्ये ते सांभाळलेलं असतं. मात्र गाळाने बुजलेली फट चांगल्या डिटर्जंटने मोकळी झाली की आधीपासूनची गळती उघडी पडते. ज्यांना दोन्ही हवं त्यांच्यासाठी पूर्ण सिंथेटिक हाय मायलेजही मिळतं.

गाळ साचलेल्या इंजिनात मात्र तीव्र फ्लश टाळा. सुटलेले तुकडे सम्पच्या जाळीवर जाऊन बसतात. त्याऐवजी ३,००० ते ५,००० किलोमीटरवर दोनदा ऑइल बदला, दर वेळी नवा फिल्टर लावून. गळती थांबवणारी वेगळी बाटली हाय मायलेज ऑइलमध्ये मिसळू नये, कारण रबर गरजेपेक्षा जास्त मऊ पडू शकतं. आणि ऑइल कोणतंही निवडलं तरी दर १,००० किलोमीटरला डिपस्टिक बघा.