नमुने अस्सल, रीळ बनावट

अधिकृत वितरकाकडे माल नाही म्हणून मेमरी चिपसाठी ब्रोकरकडे वळणार असाल, तर आधी हे वाचा.

२०२१च्या चिपटंचाईत आम्ही मशीनच्या स्पिंडलची कंपनं मोजणारा बोर्ड करत होतो. एका बोर्डवर चार एसटीएम३२एच७४३ प्रोसेसर. त्यांच्या पोटात जेमतेम १ एमबी रॅम, म्हणून प्रत्येकाला बाहेरून २५६ मेगाबिटची, म्हणजे ३२ एमबीची एसडीरॅम (वेगळी मेमरी चिप). वितरक थेट पुढच्या वर्षावर बोट ठेवत होता. मुंबईतला एक ब्रोकर मात्र "माल हातात आहे" म्हणाला आणि त्याने नमुने फुकट पाठवले. ते आम्ही कसून तपासले, एकही चूक नाही. मग पूर्ण रक्कम आगाऊ घेऊन त्याने रीळ, म्हणजे पट्टीवर गुंडाळलेल्या चिप, पाठवलं.

नवे बोर्ड साध्या मेमरी चाचणीत पास व्हायचे. पण डेटा भरत गेला की एकेक प्रोसेसर कोसळायचा. ट्रेसची (बोर्डवरच्या तांब्याच्या रेघांची) लांबी, क्लॉक, रिफ्रेशचा (मेमरी ताजी ठेवण्याचा) हिशेब, सगळं उकरून झालं. ब्रोकरचं पालुपद एकच: "साहेब, नमुने चालले ना? मग तुमचं लेआउट बघा." चार प्रोसेसरचं नवंकोरं डिझाइन असलं की संशय आधी डिझाइनवरच जातो, आणि असली माणसं नेमकी त्याच्याच आडोशाला उभी राहतात.

रिळातल्या चिप १२८ मेगाबिटच्या होत्या. दोन्हींचं पॅकेज तेच, ५४ पिनांचं. फरक ३६ नंबरच्या पिनचा: २५६च्या चिपमध्ये तिथे ए-१२ ही ॲड्रेस लाइन (जागेचा पत्ता सांगणारी तार) येते, १२८मध्ये ती पिन रिकामी. या प्रोसेसरला ही मेमरी ८ एमबीच्या चार भागांत, म्हणजे बँकांत दिसते. त्यामुळे आमच्या बोर्डवर प्रत्येक बँकेच्या वरच्या ४ एमबीत लिहिलेलं खालच्या ४ एमबीवर जाऊन बसायचं आणि तिथले प्रोग्रॅमचे तक्ते पुसले जायचे. लिहिलं की लगेच वाचणारी चाचणी हे पकडूच शकत नाही, कारण ती तीच जागा परत वाचते. आधी सगळी मेमरी भरायची, प्रत्येक जागी तिचाच पत्ता लिहायचा, आणि मग पहिल्यापासून वाचायला घ्यायचं. आमच्याकडे चारही प्रोसेसरवर प्रत्येक बँकेच्या खालच्या अर्ध्यात वरच्या अर्ध्याचे पत्ते निघाले. सोल्डर सुटल्याची शंका नको म्हणून त्याच पॅडवर नमुन्यातली चिप लावली, तर सगळं सुरळीत.

मग रिळातल्या चिपवर ॲसिटोनचा बोळा फिरवला. कापूस काळा झाला आणि रंगाखालून जुनी अक्षरं डोकावली. (काही लेप ॲसिटोनला दाद देत नाहीत, तेव्हा कापूस पांढरा राहिला म्हणून चिप खरी समजू नका.) वर सगळ्यांवर एकच डेट कोड (चिप कधी बनली ते सांगणारा आकडा), पण पोटाखालच्या साच्याच्या खुणा वेगवेगळ्या. पहिली पिन कुठली ते दाखवणारी खूणही रंगाने निम्मी बुजलेली.

नमुने हवे असतील तर तुमच्यासाठी ठेवलेल्याच रिळातून कापून मागा, आणि पुढची रक्कम पत्त्यांची चाचणी झाल्यावरच द्या. बिलावर पूर्ण पार्ट नंबर आणि लॉट नंबर लिहून घ्या. आमच्या बिलावर नुसतं 'मेमरी आयसी' आहे. खरेदी धंद्यासाठीची, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता बंद, असं वकिलांनी सांगितलं. राहिला दिवाणी दावा. त्यात २५६ मेगाबिटच ठरलं होतं हे दाखवायचं कसं? दर, पार्ट नंबर, सगळं तो फोनवर बोलायचा. व्हॉट्सॲपवर त्याच्याकडून आलेत ते फक्त अंगठे.